एलिसांदची बावीस वर्षे

एका ज्ञानकोशाच्या कार्यालयात एकदा एक नोंद परीक्षणासाठी आली. नोंद लहानच होती, जेमतेम दीड पानाची. विषय होता बाराव्या शतकातील एलिसांद नावाची एक सरदारपत्नी. ख्रिस्ती धर्मयुद्धांच्या काळात युरोपातून आलेल्या सरदारांनी भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर किल्ले उभारले, त्यांपैकी एका लहानशा किल्ल्याची ती स्वामिनी. तिचा पती सैन्याची मदत आणण्यासाठी जहाजाने युरोपात गेला आणि परतलाच नाही. त्यानंतर बावीस वर्षे तिने एकटीने किल्ला सांभाळला व तिथेच तिचा अंत झाला. इतिहासाला तिच्याविषयी याहून फारसे ठाऊक नव्हते.

परीक्षक होते इतिहासाचे एक वयोवृद्ध अध्यापक. त्यांनी ऐंशी ओलांडली होती. पत्नीला जाऊन तीस वर्षे झाली होती आणि कार्यालयामागच्या दोन खोल्यांत ते एकटेच राहत. लेख तपासताना ते समासात पेन्सिलीने एकच शब्द लिहीत, 'कशावरून?' उत्तर मिळाले तर वाक्य राहत असे, न मिळाले तर त्यावर लाल रेघ पडत असे. त्या लाल रेघेला नवे लेखकच काय, मुख्य संपादकही वचकून असत.

नोंद लिहिली होती त्यांच्याच एका शिष्येने. महाविद्यालयात ती त्यांच्याकडे शिकलेली. आता चाळिशी उलटली होती. आठ वर्षे तिने या कार्यालयात इतरांच्या लेखनातले ऱ्हस्वदीर्घ सुधारले होते. स्वतःच्या नावाने छापली जाणारी ही तिची पहिलीच नोंद. तिचा पती अकरा वर्षांपूर्वी नोकरीसाठी परदेशी गेला होता. पहिली दोन वर्षे फोन आले. मग फोनवर भलताच कोणीतरी बोलू लागला आणि पुढे तो क्रमांकही बंद झाला. कार्यालयात हा विषय कोणी काढत नसे. तीही काढत नसे. सकाळी सर्वांच्या आधी येई, संध्याकाळी सर्वांच्या मागून जाई, आणि डबा खिडकीशी पाठमोरी बसून खाई.

वृद्धांनी तिला टेबलापाशी बोलावले.

"शेवटून दुसरं वाक्य. वाच."

तिने वाचले, "'उर्वरित बावीस वर्षे तिने समुद्राकडे तोंड असलेल्या खिडकीत, परतीच्या जहाजाची वाट पाहत, एकाकी अवस्थेत कंठली.'"

"कशावरून?"

एरवी हा प्रश्न आला की तिची टिपणवही तत्काळ उघडत असे. आज ती मिटलेलीच राहिली.

"याला काय पुरावा लागतो, सर? नवरा गेला, आला नाही. बाई दुसरं काय करणार?"

"मी एलिसांदविषयी विचारतोय."

"मीही तिच्याचविषयी बोलतेय!"

आवाज जरा चढला होता. शेजारच्या टेबलांवरची माणसे वर बघू लागली. तिने मान खाली घातली. वृद्धांनी तो कागद स्वतःजवळ ठेवून घेतला आणि ग्रंथालयातून जुन्या दस्तऐवजांचा जाडजूड छापील संग्रह मागवला. दोन दिवस ते त्यातच डोके घालून बसले होते.

तिसऱ्या दिवशी परीक्षणाची बैठक झाली. खंड आठ दिवसांत छपाईला जायचा होता. एलिसांदची नोंद पुढे आली तेव्हा सर्वांना वाटले, आता लाल रेघ पडणार. शिष्येलाही तेच वाटले. ती टेबलाखाली पदराचे टोक पिळत बसली होती. वृद्धांनी लाल पेन्सिल उचललीच नाही. त्यांनी टेबलावरची कात्री घेतली. फार जपून त्यांनी ते एक वाक्य कागदातून कापून काढले. ती अरुंद पट्टी एका पाकिटात घातली, पाकिटावर शिष्येचे नाव लिहिले आणि ते तिच्यापुढे सरकवले.

"बाकीची नोंद उत्तम आहे," ते म्हणाले. "फक्त अपुरी आहे. उद्या पूर्ण करून दे."

मुख्य संपादक हसले. "सर, एक रेघ मारली असती तरी भागलं असतं की."

"नसतं भागलं," वृद्ध म्हणाले आणि काठी टेकत उठून गेले.

मागे कोणीतरी हळूच म्हणाले, "वय झालं आता." शिष्येला मात्र आपला चारचौघांत अपमान झाल्यासारखे वाटले. चार वाजता ती पाकीट घेऊन त्यांच्या खोलीवर गेली. वृद्ध स्टोव्हवर चहा ठेवत होते.

"बस. साखर संपलीय. गुळाचा चालेल?"

"सर, वाक्य चुकलं असेल तर खोडायचं होतं. हे असं पाकिटात घालून... सगळे बघत होते."

वृद्धांनी चहा गाळला, एक कप तिच्या हातात दिला आणि समोरच्या खाटेवर बसले.

"तिसऱ्या खंडात एका दख्खनी राजावर माझी नोंद आहे. आठवते?"

"हो. राणी गेल्यावर त्याने गाणं कायमचं सोडलं. परीक्षेत लिहिलंय मी ते."

"कशावरून सोडलं?"

हा प्रश्न तिने कधी विचारलाच नव्हता.

"ती नोंद लिहिली त्याच्या तीन महिने आधी आमची ही गेली," वृद्ध म्हणाले. "मी तेव्हा पेटीवर गायचो. गाणं मी सोडलं होतं. राजाचं मला काहीएक माहीत नाही. पण वाक्य सुंदर उतरलं होतं, कोणी हरकत घेतली नाही. छापून आलं, लोकांनी वाखाणलं, पुढच्यांनी उतरवून घेतलं. मला वाटलं, चला, बोललो आपण एकदाचे. खरं म्हणजे मी कोणाशी एक शब्दही बोललो नव्हतो. वाचणाऱ्यांना राजाची कीव आली. माझी चौकशी करायला कोण येणार? मी माझं दुःख त्याच्या नावावर लिहून मोकळा झालो होतो, आणि ते माझ्याजवळ जसंच्या तसं होतं."

स्टोव्ह विझवायचा राहिला होता. तो त्यांनी उठून विझवला.

"खोटं वाक्य असतं तर रेघ मारली असती, पोरी. तुझं वाक्य खरं आहे. फक्त ते एलिसांदचं नाही. म्हणून ज्याचं आहे त्याच्याकडे पाठवलं."

शिष्येने पाकिटावरचे आपले नाव पुन्हा वाचले.

"आणि त्या राजाचं?" तिने विचारले.

"काल शुद्धिपत्र लिहून दिलं. तीस वर्षं लागली." मग ते जरा पुढे झुकले. "आता मला सांग, संग्रहातला अडतिसावा दस्तऐवज तू वाचलास?"

"वाचला."

"काय आहे त्यात?"

ती आठवून सांगू लागली. पती गेल्यानंतरच्या पंधराव्या वर्षी एलिसांदने एक आज्ञापत्र काढले होते. किल्ल्याखालच्या गावातील स्त्रियांनी दर शनिवारी किल्ल्यातल्या भट्टीत आपला पाव भाजून न्यावा. कोणाची पाळी आधी, यावरून स्त्रियांत भांडणे होतात असे तिच्या कानी आले आहे. तरी यापुढे शनिवारी ती स्वतः भट्टीपाशी बसेल आणि भांडणांचा निवाडा करील.

"मग हे नोंदीत का नाही?"

"क्षुल्लक वाटलं, सर."

"क्षुल्लक?" वृद्धांनी विचारले.

"बसत नव्हतं," ती अखेर म्हणाली.

"कशात?"

"त्या वाक्यात. खिडकीत बसलेली बाई भट्टीपाशी कशी बसेल?"

"ती सुखी होती असंही मी म्हणत नाही," वृद्ध म्हणाले. "तेही कशावरून म्हणायचं? असेलही रडत रोज. पण शनिवारी ती पिठाने माखलेल्या बायकांची भांडणं सोडवत होती, हे तिने स्वतः लिहून ठेवलंय. तिच्या बावीस वर्षांपैकी तेवढंच आपल्याला ठाऊक आहे, आणि तेवढंच तू काढून टाकलंस. तिच्यावरही अन्याय झाला आणि तुझ्यावरही. तुझं ऐकणारं कोणी असेल, तर त्याला एलिसांदची गोष्ट का ऐकवायची?"

बाहेर कार्यालय सुटल्याचे, सायकली निघाल्याचे आवाज आले. शिष्येने कप खाली ठेवला.

"अकरा वर्षं झाली, सर," ती म्हणाली.

"सांग," वृद्ध म्हणाले. "मला कुठे जायचंय?"

मग ती बोलली. सलग नाही, सुचेल तसे. विमानतळावर नवऱ्याने मागे वळून पाहिले होते की नाही, हे तिला आता आठवत नव्हते, आणि आठवत नाही याचीच तिला सर्वांत लाज वाटत होती. वृद्धांनी एकदाही पुरावा मागितला नाही, सांत्वनही केले नाही. त्यांना तिच्यासाठी करता येण्याजोगे फारसे काही नव्हते. ते ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशी नोंद पूर्ण झाली. 'पती परतला नाही. पुढील बावीस वर्षांविषयी फार थोडी माहिती उपलब्ध आहे,' असे लिहून तिने पुढे शनिवारच्या भट्टीची हकिगत दिली. वृद्धांनी ती वाचून समासात सही केली.

त्या संध्याकाळी ती घरी निघाली. गल्लीच्या तोंडाशी कपड्यांना इस्त्री करणाऱ्या काकूंचे लहानसे दुकान होते. काकू तिला पाहिले की विचारत, "काय, साहेब येणार का यंदा?" आणि ती न थांबता म्हणे, "दिवाळीला बघू." आजही काकूंनी तसेच विचारले.

ती थांबली.

"नाही काकू. ते आता येणार नाहीत."

काकूंनी इस्त्री बाजूला उभी केली. बाकावरची कपड्यांची चवड उचलून त्यांनी मांडीवर घेतली आणि रिकाम्या झालेल्या जागेवर हात फिरवला.

"ये," त्या म्हणाल्या, "टेक जरा."