हैबती-ठकूची हाक

फार वर्षांपूर्वीची, म्हणजे बोरखिंडीतून मोटार जायला लागली त्याच्याही कितीतरी आधीची ही गोष्ट. तेव्हा मिठाचे आणि धान्याचे तांडे याच खिंडीतून जायचे. खिंडीच्या तोंडाशी, बोरखिंड गावाच्या वेशीवर एक घर होतं. घर एवढंसं, उंच माणसाच्या डोक्याला आढं लागायचं. पण त्याला दारं दोन होती. पुढच्या दारात हैबती उभा असायचा आणि मागच्या दारात त्याची बायको ठकू.

आपल्याकडे जुनी रीत आहे. घरधन्यानं पानावर बसण्याआधी दारात यायचं आणि हाक द्यायची, ‘कोणी उपाशी आहे का?’ बाकीचे लोक ही हाक अशी देत, की शेजारच्या मांजरालासुद्धा ऐकू जाऊ नये. हैबतीची हाक मात्र खिंडीपलीकडे पोचायची. ती कानावर पडली की तांड्याचे बैल जागच्या जागी थांबत, आणि मालकानं कितीही शेपट्या पिरगाळल्या तरी गावाकडेच वळत, असं म्हणतात.

पण पुढच्या दारी येणं सगळ्यांना जमत नाही, हे ठकूनं नवी नवरी असतानाच ओळखलं होतं. वाटसरू येतो, गोसावी येतो. गावातलीच बाई, जिच्या घरी चूल पेटली नाही, ती चारचौघांदेखत कशी येणार? म्हणून ठकूनं मागची भिंत पाडून दार काढून घेतलं आणि तिथून हळू आवाजात हाक द्यायला लागली. नवरा पुढे गरजायचा, बायको मागे कुजबुजायची. पण ती कुजबुजही रिकाम्या पोटाला गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जायची, असं म्हणतात.

पाठीला पाठ लावून वाटायचं म्हटल्यावर घोटाळे व्हायचेच. एकदा थंडीत हैबतीनं एका वाटसरूला घोंगडी कबूल केली आणि आत येऊन बघतो तर ठकूनं तीच घोंगडी मागच्या दारी देऊन टाकलेली. शेवटी त्यानं अंगातली बंडी काढून दिली आणि चुलीपाशी कुडकुडत बसला. ठकूला हसू आवरेना.

“सांगून तरी द्यायचं,” तो म्हणाला.

“तुमी कदी सांगता?” ठकू म्हणाली. तिचं खरंच होतं.

अशा माणसांवर गावाचा विश्वास बसला नसता तरच नवल. बोरखिंडीचं ज्वारीचं सगळं बियाणं त्यांच्या घरात, जमिनीत खणलेल्या पेवात राहायचं. सुगी झाली की पेव भरायचं, वर शिळा बसायची, ठकू शिळेच्या कडा शेणामातीनं लिंपायची आणि ओल्या मातीवर आपल्या हाताचा पंजा उठवायची. तो पंजा मोडायचा पेरणीच्या दिवशी, सगळ्या गावासमोर. त्याआधी कुणीही नाही.

मग एक साल असं आलं, की पावसानं तोंडच दाखवलं नाही. घरोघरच्या कणग्या खरवडून झाल्या. हाक मात्र रोज दुपारी येतच राहिली. भाकरी जाऊन घरच्या उरल्यासुरल्या पिठाची पातळ आंबील आली, पण येणाऱ्याला ती मिळायची. ठकूच्या मडक्यात पळी घातली तर तळ लागायचा नाही, असं म्हणतात. म्हणणारे ते मडकं घासायला नव्हते! ठकूला तळ रोज लागत होता.

आणि लोकांची जीभ काही उपाशी नव्हती. आंबील प्यायची, तोंड पुसायचं आणि म्हणायचं, “एवढं येतं कुठनं? पेवातनंच काढत असतील.” ते ठकूच्या कानावर आलं तेव्हा तिचा जीव तुटला. त्याच दुपारी ती मागच्या दारातून आत वळली, तर हैबती पेवाच्या शिळेवर बसलेला.

“हितं का बसलायसा?”

“मन फिरलं तर शिळा उचलाया येऊ नये म्हणून.”

“कुणाचं मन? माजं का तुमचं?”

“दोगांचं बी.”

ठकूनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. आदल्या दिवशी शिळेपाशी उभं राहून तिच्या मनात काय येऊन गेलं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक. “सरका जरा,” ती म्हणाली आणि तीही शिळेवर बसली.

रोज ती दोघांपुरती आंबील दोन वाडग्यांत बाजूला काढून ठेवायची. सगळे गेले की विचारायची, “जेवलासा?”

“मगाच. तू?”

“माजं बी झालं.”

ठकू खोटं बोलत होती. तिचा वाडगा मागच्या दारी गेलेला असायचा. पण धन्याचा वाडगा रिकामा दिसायचा आणि तेवढ्या समाधानावर तिचा दिवस निघायचा.

एका दुपारी हाक आली नाही.

“पेव संपलं!” कुणीतरी म्हणालं आणि सगळा गाव खिंडीकडे धावला. रोज मागच्या दारी येणारी म्हातारी गोदाक्का सगळ्यांच्या पुढे होती. पाहतात तर काय, हैबती आणि ठकू शिळेवर एकमेकांच्या पाठीला टेकून बसलेली, उठायची ताकद नाही. आणि शिळेच्या कडेला ठकूचा पंजा, सुगीत उठवला होता तसाच. त्याला साधी चीरही गेली नव्हती. मघाशी ओरडणारे खाली बघू लागले.

“ठके, जेवलीस कदी?” गोदाक्कानं विचारलं.

“हे जेवल्यात,” ठकू म्हणाली.

“हैबती, तू रं?”

“ती जेवलीया.”

तेव्हा कुठे ठकू वळली. हैबतीच्या गळ्याची हाडं वर आली होती. “वाडगा तर रिकामा असायचा की तुमचा!”

“तुजा बी असायचा,” तो म्हणाला. जन्मभर पाठीला पाठ लावून वाटताना एकमेकांकडे बघायचं मात्र राहूनच गेलं होतं. ठकूला रडू फुटलं.

“आरं, आमी रोज हितं खाल्लं,” गोदाक्का गावावर कडाडली, “ह्येंना खाताना कुनी बगितलं का?” कुणीच बघितलं नव्हतं.

मग म्हातारी दाराबाहेर गेली, उंबऱ्यापाशी घराकडे तोंड करून उभी राहिली आणि तिनं हाक दिली, “आत कुनी उपाशी हाय का?”

“न्हाई, न्हाई, तुमीच या,” दोघं सवयीनं म्हणाली.

तिनं पुन्हा हाक दिली. या वेळी हैबतीनं ठकूकडे नीट पाहिलं. मग तो म्हणाला, “हाय. ठकू उपाशी हाय.”

“हे बी हायत,” ठकू म्हणाली.

ज्याच्या घरी चिमूट पीठ होतं त्यानं चिमूट आणलं, कुणी मूठभर कोंडा आणला. गोदाक्कानं त्याची भाकरी थापली. ती तव्यावर फुगत फुगत सुपाएवढी झाली आणि दोघं जेवून सगळ्या गावाला पुरली, असं म्हणतात. पुढे पेरणीपर्यंत ते दोन वाडगे गावानं भरले, आणि ती दोघं पिईपर्यंत गोदाक्का समोरून हलायची नाही. पाऊस आला. ठकूनं सगळ्यांसमोर पंजा मोडला. आसपासच्या गावांनी बियाणं खाऊन टाकलं होतं, त्यांनाही इथूनच ओंजळ ओंजळ गेलं.

ते घर आता नाही, शिळा आहे. पण बोरखिंडीत आजही जेवणाआधी हैबती-ठकूच्या नावानं दोन हाका देतात. एक बाहेर तोंड करून, आणि दुसरी उंबऱ्यावरून आत वळून. आतल्या हाकेला स्वतःसाठी उत्तर द्यायचं नाही, शेजारच्यासाठी द्यायचं, अशी रीत आहे. नवी सून पहिल्यांदा पंगतीत बसते तेव्हा सगळं घर मुद्दाम गप्प राहतं. मग सासू म्हणते, “हाय. आमची सून उपाशी हाय.” आणि त्या दिवशी पहिली भाकरी सुनेच्या पानात पडते.