बुधरीचा झरा

ऐका रे लहानथोर. फार वर्षांपूर्वी, या रानात गाडीवाटही नव्हती तेव्हा, तिपागुड्याला बुधरी नावाची सून आली. डोळे पिवळे, अंगात रक्त नाही, आणि हाडं अशी ठणकायची की मुसळ उचलवेना. लोक काय म्हणाले? कामचोर! दोनदा पोट पडलं, तर म्हणाले, पांढऱ्या पायाची. गावाच्या जिभेला हाड नसतं हो.

तिसऱ्यांदा दिवस गेले. ऐन चैत्रात, सातव्या महिन्यात, मांड्या, पाठ, बरगड्या एकदम ठणकू लागल्या. आता त्या गावची अक्कल ऐका: पोटुशीला कळ आली की तिचं पाणी बंद. पाण्यानं पोर पोटातच बुडतं म्हणे! सोमी सासूनं घडा उचलून उंच शिंक्यात ठेवला.

"आत्या, पाणी दे. पाणी पेलं की कळ उतरते, मले ठाऊक आहे."

"तुले काय ठाऊक? सोंगं पुरे कर वं!"

"दुखते कोणाले? तुले का मले?"

सगळ्या गावात शहाणं बोलली ती एवढी एकच. पण ऐकतो कोण?

हेही पोर जाणार, हे बुधरीला कळलं. ती उठली, रांगत नदीवर गेली. नदी कोरडी ठाक. तिनं नखांनी वाळू उकरली. हातभर, दोन हात, तीन हात. आणि गावानं नाही, पण वाळूनं तिचं ऐकलं. पाणी वर आलं. दिवस कलेपर्यंत ती पीत राहिली आणि झरा भरतच राहिला, असं म्हणतात.

सोमी काठी घेऊन मागं आली होती. कळ उतरून सून उठून बसलेली पाहिली आणि सोमीच्या हातातली काठी गळाली. दोन महिन्यांनी पोरगी झाली. जगली!

मग जिथं पोटुशी कण्हेल तिथं बुधरी घडा घेऊन दारात उभी. कुणी अडवलं की म्हणायची, "आधी तिले विचार."

तो झरा अजून आटला नाही, असं म्हणतात. आता नर्सबाई या दुखण्याला सिकलसेल म्हणते. नुसत्या पाण्यानं भागत नाही, कळ आली की दवाखान्यात आणा, म्हणते. खरंच आहे ते. म्हणून पोटुशीला उचलून न्यायला बाज तयार असते. पण तिपागुड्यात आजही आधी सासू उठते, बुधरीच्या झऱ्याचं पाणी पाजते आणि सगळ्यांदेखत विचारते, "कुठं दुखते, माय?" तिचं सांगून होईपर्यंत घरात दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही.