रावसाहेबांच्या उरलेल्या गोळ्या

कोंढवळचे दौलतराव, म्हणजे गावचे रावसाहेब, मोठे दानशूर होते. दुखणं कुणाचंही असो, आपल्या उरलेल्या गोळ्या ते पानाच्या डब्यातून प्रसादासारख्या वाटायचे. घेणाऱ्याने वर पायाही पडायचं, अशी रीतच पडली होती.

एक दिवस केवळा धावत चावडीवर आली. "रावसाहेब, पोर तापानं फणफणलीय. दवाखान्यात न्यायला जीप द्या." गावात जीप एकच, तीही त्यांचीच.

रावसाहेबांनी डबा उघडला. "दवाखाना कशाला? या चार. मला डॉक्टरनं दिलेल्या. निम्म्यातच बरं वाटलं, म्हणून बाकीच्या ठेवल्या तुमच्यासाठी."

"पण पोर केवढीशी, रावसाहेब! तिला चालतील का?"

"ताप तो ताप! माझा काय नि तुझ्या पोरीचा काय!"

चावडीने माना डोलावल्या. नाही म्हणावं तर जीप गेली, हो म्हणावं तर पोर. केवळा वाकून पाया पडली.

"लई उपकार झाले. आता तुमची कवळीही द्या. सासूबाईंना दात नाहीत."

"खुळी का काय? माझ्या तोंडाच्या मापाची आहे ती! तिला कशी बसेल?"

"न बसायला काय झालं, रावसाहेब? बोळकं ते बोळकं! तुमचं काय नि सासूबाईंचं काय!"

चावडी खो खो हसली. रावसाहेबांनी एका हाताने तोंड झाकलं आणि दुसऱ्याने ड्रायव्हरला जीप काढायची खूण केली.

पोर बरी झाली. बरं वाटल्यावरही केवळानं डॉक्टरांनी सांगितलं तेवढं औषध तिला पुरतं दिलं. त्यामुळे गावाला दान करायला तिच्याकडे काही उरलं नाही.