दह्याचे चौदा अहवाल

भिवराला वाटलं होतं, शाळा म्हणजे गलका. मुलं धूळपाटीवर बोटांनी अक्षरं काढतील, चिंचोके मोजतील, भांडतील, प्रश्न विचारून डोकं खातील आणि आपण त्यांच्यात बसून शिकवू. याच हौसेने गवळ्याची ही लेक सात वर्षं दूरदेशी शिकून गावी परतली. आणि दिसलं काय? चाळीस मुलं हाताची घडी घालून गप्प, आणि बाई म्हणून ती स्वतः मान खाली घालून वह्या भरतेय!

कारण रणधवल महाराजांचा हुकूमच तसा होता. दर घटकेला प्रत्येक मुलाची परीक्षा घ्यायची आणि प्रगती वहीत मांडायची. रकाने नऊ! मूल आलं का? बसलं का? समजलं का? समजल्याचा पुरावा काय? हसलं का? हसलं असल्यास कोणाच्या परवानगीने? चाळिसाव्या मुलाचा नववा रकाना भरेपर्यंत पुढची घटका वाजे आणि पहिलं मूल पुन्हा परीक्षेला उभं राही. शिकवायचं कधी? त्यासाठी रकानाच नव्हता!

तीन महिने असे गेले. वैशाखात एके दिवशी उजाडताच महाराज पाहणीला आले. सोबत पाठशाळांचे अधिकारी त्रिंबकपंत होते. नऊही रकाने त्यांच्याच डोक्यातून निघालेले!

वह्यांची चळत पाहून महाराज खूश झाले. "वा! अक्षर मोत्यासारखं आहे!" मग त्यांनी एका मुलापुढे एक ओळ धरली. मूल बघतच राहिलं. दुसरं बघत राहिलं. तिसऱ्याने सवयीने हाताची घडी घातली.

"तीन महिन्यांत एकालाही ओळ वाचता येत नाही?" महाराज कडाडले.

"महाराज, रकाने भरू की शिकवू?" भिवराने विचारलं.

"दोन्ही! येत्या अमावास्येला सगळ्यांनी घडाघडा वाचलं पाहिजे आणि एकही रकाना रिकामा दिसता कामा नये. नाहीतर शाळेला कुलूप! मुलं जातील गुरं राखायला!"

पुढे बसलेल्या छबीने भिवराचा पदर ओढला. "बाई, मला अजून माझं नावपण लिहिता येत नाही. कुलूप लावायच्या आधी तेवढं शिकवाल?"

भिवराने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग ती महाराजांकडे वळली.

"होईल, महाराज. पण दुपारची पंगत आमच्या घरी आहे. आपल्याला सुरीने कापता येईल असं दही लागतं, हे सगळ्या मुलखाला ठाऊक आहे. आत्ताच विरजण लावते. हुकूम असेल तर दह्याची प्रगतीही आपल्याच पद्धतीने कळवू?"

"शाब्बास! पंत, तुम्ही जातीने लक्ष घाला."

पंतांची छाती फुगली. दर घटकेला ते मडक्यात पळी घालत, तळापर्यंत ढवळत, चाखत आणि वहीत लिहीत.

भिवराची आई तर कपाळावर हात मारून घेत होती. "अगं, विरजणात पळी कसली घालतोय हा माणूस?"

"आई, हुकूम आहे!"

महाराजांपुढे अहवाल जाऊ लागले. पहिला: दही दिसत नाही. दुसरा: दह्यास समज दिली. पाचवा: किंचित प्रगती, अंदाजे पळीभर. सहावा: प्रगती मागे गेली, कारण अज्ञात. प्रत्येक अहवालावर महाराज समाधानाने मोहोर उमटवत होते.

दुपारपर्यंत चौदा अहवाल झाले. पानं मांडली, भात आला, दही आलं. चार गुठळ्या आणि बाकी नुसतं पाणी! ते भातावरून ओघळलं, पानावरून ओघळलं आणि थेट महाराजांच्या पितांबरावर गेलं.

"हे दही?"

"वही बघा ना, महाराज! एकही रकाना रिकामा नाही."

"मग वही कालवून खाऊ भातात?"

पंत घाईने म्हणाले, "दोष विरजणाचा असावा, महाराज. किंवा म्हशीचा."

"गप्प बसा! आणि तू गं पोरी, गवळ्याची लेक ना तू? लागत्या दह्याला हात लावू नये, एवढं तुला ठाऊक नाही?"

"मला ठाऊक आहे, महाराज!" भिवरा म्हणाली. "माझ्या शाळेत अशी चाळीस मडकी लावलीत. तीन महिने त्यांत रोज दहा-दहा वेळा आपली पळी फिरतेय. आता दही लागलं नाही, तर कुलूप मडक्यांना घालायचं की पळीला?"

त्रिंबकपंतांनी हातातली पळी हळूच पाठीमागे नेली. ते पाहिलं मात्र, महाराजांना असं हसू फुटलं की पितांबरावर उरलेलं दहीही सांडलं!

"पंत, लपवू नका! चौदा वेळा मोहोर आम्हीच उमटवलीय!" हसू आवरत त्यांनी हुकूम सोडला. "रकाने बंद! परीक्षा वर्षातून एकदा. कुलपाची गोष्ट पुन्हा निघणार नाही. आणि भिवराबाई, तुम्हाला भरजरी शेला, आणि पंतांच्या जागी बावन्न गावांच्या शाळांचं अधिकारीपद! सकाळी पालखी येईल, राजधानीला चला."

दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी दारात आली. समोर शाळेत चाळीस मुलं धूळपाट्यांवरून भांडत होती. छबी ओरडत होती, "बाई, माझ्या नावातला छ पळून गेला! लवकर या!"

भिवराने शेला खांद्यावर टाकला. नऊ रकान्यांच्या सगळ्या वह्या पालखीत भरल्या, उरलेल्या जागेत, गावातच राहिलेल्या त्रिंबकपंतांना बसवलं आणि भोयांना म्हणाली, "महाराजांना सांगा, बाईंना इथे काम आहे. सावकाश जा. आणि दर घटकेला पालखी खाली ठेवून पडदा उघडून बघत चला, पंत राजधानीला पोचले का!"