सलाइनच्या स्टँडला बांधलेला फोन

"मग माझं चुकलं कुठे, मॅडम?"

इंदुमतीबाईंनी खुर्चीकडे हात केला. निरंजन बसला नाही.

डॉ. निरंजन पावरा सातपुड्यातल्या एका आरोग्य केंद्रात एकटाच डॉक्टर. डॉ. इंदुमती सरंजामे निवृत्त झाल्यापासून नाशिकच्या याच खोलीतून, कॉम्प्युटरसमोर बसून, डोंगरातल्या डॉक्टरांना बाळंतपणातले धोके शिकवत. निरंजन त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. प्रत्येक चाचणीत पहिला, आणि ते तो कुणाला विसरूही देत नसे. प्रत्यक्षात मात्र दोघं आज पहिल्यांदाच भेटत होते.

गेल्या महिन्यात त्याच्या केंद्रात रमकी नावाची बाई बाळंत झाली. मुलगी झाली, रडली. वार पडली. आणि रक्त थांबेना. रक्तपेढी लांब, रुग्णवाहिका घाटात अडकलेली. निरंजननं फोन सलाइनच्या स्टँडला बांधला आणि मॅडमना व्हिडिओ कॉल लावला.

नेटवर्क शेवटपर्यंत टिकलं. रमकी टिकली नाही.

"चौकशी समितीनं मला निर्दोष ठरवलं," तो म्हणाला.

"मीच त्यांना तसं सांगितलं."

"इंजेक्शनं दिली. गर्भाशय दाबून धरलं. रक्त दाबून धरायला आत फुगा घातला. तुम्ही सांगाल ते, सांगाल त्या क्षणी."

"हो."

"मग तेव्हापासून वर्गात तुम्ही मला एकही प्रश्न का विचारत नाही? माझ्या नावावरून पुढे जाता. सगळे बघतात."

बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"त्या वेळी तू कुठे बघत होतास?"

"तुमच्याकडे. फोनकडे. तुम्ही सांगत होता ना..."

"मी तिच्याकडे बघत होते. ती काहीतरी विचारत होती. पुन्हा पुन्हा."

निरंजन आठवू लागला. मॅडमचा आवाज आठवला, शब्दन् शब्द. हातमोज्यातून लागणारी रक्ताची ऊब आठवली. रमकीचा आवाज कुठेच नव्हता.

"मला ऐकू आलं नाही," तो म्हणाला.

"तू हातभर अंतरावर होतास."

"तुम्हाला आलं?"

"स्वच्छ."

आता तो बसला.

"तुम्ही मला सांगितलं का नाही तेव्हा?"

"तुला थांबवून, तिचं ऐक, असं म्हणायचं होतं... मी पुढची पायरी सांगितली."

निरंजन पुढे झुकला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"काय विचारत होती ती? सांगा, मॅडम. तिच्या नवऱ्याला सांगेन. पोर मोठी झाली की तिला सांगेन."

बाईंनी ओठ हलवून पाहिले. कानात राहिलेला तो सूर जिभेवर येईना. त्यांनी मान हलवली.

"मॅडम..."

"पावरीत बोलत होती रे ती. मला पावरी येत नाही. तुझी ती मायबोली."