तीन कामं येणारं लुगडं

“आणि हा डगला? हाही नको म्हणतेस?”

“मी कुठं नको म्हणते? एवढंच विचारते, त्याला काय काय करता येतं?”

“डगल्याला काय करता यायचंय! डगला आहे तो. अंगात घालायचा.”

“आणि?”

“आणि काय? बटणं लावायची.”

“झालं तर मग. ठेवा पेटीत.”

हे भांडण सकाळी चुलीवर पाणी ठेवलं तेव्हा सुरू झालं होतं. पाणी उकळून आटलं तरी संपलं नव्हतं. गाव डोंगराच्या पायथ्याचं. घरात एक म्हातारा आणि एक म्हातारी, दोघंच. त्यांची एकुलती एक लेक डोंगरापलीकडे, बर्फाच्या मुलखात दिलेली. कालच लोकरीचा व्यापारी तिचा निरोप घेऊन आला होता: “आई, बाबा, दिवस भरत आलेत. पहिलीच वेळ आहे, भीती वाटते. खिंड बंद व्हायच्या आत या.”

मधली खिंड एकदा बर्फानं बुजली की चार महिने उघडत नाही. वाट तीन दिवसांची. आणि थंडीत त्या वाटेवर गाढवाचे पाय टिकत नाहीत, म्हणून ज्याचं ओझं त्यानंच वाहायचं.

म्हाताऱ्यानं पेटी रिकामी केली होती. दोन रजया, चार नवी धोतरं, मखमली टोपी, म्हातारीची तीन कोरी लुगडी, आणि या सगळ्यांवर तो डगला. जाडजूड, कापूस ठासून भरलेला, पितळी बटणांचा. लेकीच्या लग्नात शिवला होता. त्यानंतर तो वर्षातून एकदा, ऊन दाखवायलाच बाहेर निघायचा.

“तिच्या सासरच्यांनी मला याच डगल्यात पाहिलंय,” म्हातारा म्हणाला. “आता काय घोंगडी पांघरून जाऊ? उद्या पोरीला कुणी म्हणालं, तुझा बाप बघ कसा आला, तर?”

हे तो स्वतःसाठी बोलत नव्हता, ते म्हातारीला कळत होतं. पण कळलं म्हणून डगल्याचं वजन कमी होत नाही.

“ऐका,” ती म्हणाली, “थंडीच्या वाटेचा माझा एक नियम आहे. ज्या कापडाला तीन कामं येतात, तेच गाठोड्यात जाईल. ज्याला एकच काम येतं, त्यानं घरी बसावं.”

“कुणी शिकवला तुला हा नियम?”

“कुणी कशाला शिकवायला हवा? चाळीस वर्षं डोक्यावरून मोळ्या आणल्या. डोकं काय नुसतं ओझ्याखाली धरायला दिलंय देवानं?”

मग तिनं आपलं गाठोडं बांधलं. अंगावर एक जुनं लुगडं, तसंच दुसरं गाठोड्यात. दोन्ही धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. दोघांना एकेक बिनबाह्यांची बंडी. दोघांत मिळून एक घोंगडी. लोकरीच्या मोज्यांचे चार जोड, दोन पायांत आणि दोन वाळत. सगळं तिनं निळीच्या एकाच रांजणात बुडवून काढलेलं, त्यामुळे कशावर काहीही चढवलं तरी शोभायचं, आणि मळ दिसायचा नाही.

“एवढ्यानं थंडी भागते होय?”

“एक जाड घातलं की एक तर उकडतं, नाही तर काढून गारठायला होतं. पातळावर पातळ घालावं. दोन कापडांच्या मधे ऊब मुक्कामाला राहते. ऊन लागलं, एक काढा. वारा सुटला, एक चढवा.”

“आणि बाळाला काय नेणार?”

“पोचू तर द्या.”

शेवटी गाठोडी दोन झाली. तिचं पाठीवर मावणारं. त्याचं डोक्यावर घेतल्यावर मान दिसेनाशी करणारं. शेजाऱ्यांना वाटलं, ही दोघं दोन वेगळ्या गावांना निघाली आहेत.

पहिल्या दिवशी चढ आणि ऊन. म्हातारीनं बंडी काढून कमरेला बांधली. म्हाताऱ्याला डगला काढायचा तर तो धरायला हात मोकळा नव्हता, म्हणून तो तसाच घालून चालला.

“काढा की तो.”

“मला उकडत नाहीये,” म्हातारा म्हणाला, आणि त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचा थेंब पडला.

दुसऱ्या दिवशी ओढा आला. दगड शेवाळलेले, पाणी बर्फासारखं. डोक्यावरचं गाठोडं एकीकडे झुकलं, म्हातारा दुसरीकडे, आणि दोघं मिळून पाण्यात बसले. डगल्यातल्या कापसानं निम्मा ओढा पिऊन टाकला. म्हातारीनं म्हाताऱ्याला बाहेर ओढलं तेव्हा त्याचे दात एकमेकांवर आपटत होते.

तिनं ओलं सगळं उतरवलं. कोरडी बंडी चढवली. गाठोड्यातलं लुगडं त्याच्या छातीभोवती वेढे देऊन गुंडाळलं. वरून घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घातली.

“अगं, हे लुगडं आहे!”

“हो.”

“मी लुगडं नेसू?”

“नेसू नका, गुंडाळून घ्या. थंडीला त्यातला फरक कळत नाही.”

“कुणी बघितलं तर?”

“बाई असली तर म्हणेल, शहाणा आहे. पुरुष असला तर विचारेल, आणखी एक आहे का?”

म्हातारा हसला नाही. पण दात वाजायचे थांबले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं खिंडीच्या तोंडाशी पोचली. समोरून एक मेंढपाळ घाईघाईनं कळप उतरवत होता. “आजी, दुपारी बर्फ येतोय,” तो म्हणाला. “चढायचं तर आत्ता चढा, नाही तर माघारी फिरा. मी चुकलेलं एक बकरं हुडकायला एकदा वर येईन, मग माझीही वाट बंद.”

म्हाताऱ्यानं गाठोडं उचललं. कालपासून काही वाळलं नव्हतं. दहा पावलं गेला आणि बसला. परत उचललं. पाच पावलं गेला आणि बसला. त्यानं खिंडीकडे पाहिलं. वर ढग उतरत होते. त्यानं गाठोड्याकडे पाहिलं. मग पुन्हा वर.

म्हातारी दगडावर बसून मोजे बदलत राहिली. एरवी तोंड मिटून बसणं तिला जमत नसे. ‘टाका ते’ एवढंच म्हणायचं होतं, जिभेवर आलंही होतं. पण तिला माहीत होतं, आपण म्हटलं तर तो डगला जन्मभर आपल्या नावावर राहील. हे त्याचं त्यानंच ठरवायला हवं.

म्हातारा उठला. त्यानं गाठोडं सोडलं. त्यातून डगला काढून झटकला, एका खडकाला टेकवून ठेवला, बाह्या नीट पसरल्या, बटणं लावली. पेटीत ठेवायचा तसाच. मग ओल्या धोतरांच्या तळाशी हात घालून त्यानं मेणकापडात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. बाळाच्या डोक्यापासून पाठीपर्यंत येणारी कुंची होती ती. लाल, जरीची, छोटीशी. म्हातारीला न सांगता त्यानं घेतली होती.

“ही तेवढी...” तो दुसरीकडे बघत म्हणाला.

“हिला किती कामं येतात?”

“एकच.”

म्हातारीनं ती हातात घेतली. जर बोटांना टोचत होती. तिनं कुंची आपल्या गाठोड्याच्या अगदी मधोमध ठेवली आणि गाठ मारली.

“एक चालेल,” ती म्हणाली.

म्हाताऱ्याचं गाठोडं डगल्यापाशीच सोडून दोघं निघाली. खिंड चढताना बर्फ सुरू झाला. लुगडं चांगलं नऊ वार लांब. निम्मं म्हाताऱ्याच्या छातीभोवती होतं, उरलेल्याला पीळ घालून तिनं ते आपल्या कमरेला बांधलं. माथ्यावर म्हाताऱ्याचा पाय सटकला. तो कड्याच्या बाजूला घसरत गेला, पीळ ताणला, आणि म्हातारीनं टाचा रोवून त्याला दोन्ही हातांनी हळूहळू वर ओढलं. तिचं गाठोडं पाठीवर होतं. हात मोकळे होते.

वर आल्यावर म्हातारा बराच वेळ तिचा हात धरून बसला. “ओझं फार झालं का तुला?” त्यानं विचारलं.

“तुमचं? नाही. डगल्यात असता तर झालं असतं.”

दिवस मावळायच्या आत ती दोघं लेकीच्या दारात उभी राहिली. लेक त्याच दिवशी पहाटे बाळंत झाली होती. मुलगी. दिवस भरायच्या आधी आलेली, ओंजळीत मावेल एवढी.

विहीणबाई दारात आल्या. बाई मनानं चांगल्या, पण आधी बोलणाऱ्या आणि मग बघणाऱ्या. त्यांनी व्याह्यांना वरून खालपर्यंत पाहिलं. डोक्यावर घोंगडी, छातीला निळं लुगडं.

“या, या! सामान मागून येतंय का?”

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. त्यानं म्हातारीचा पदर ओढला आणि भांडण जिथं राहिलं होतं तिथून सुरू झालं.

“बघ! हेच म्हणत होतो मी. लोकांना दाखवता येईल असं एक तरी आणायचं की नाही?”

“आत चला आधी. पोर रडतेय.”

खरंच रडत होती. आवाज मांजराच्या पिल्लाएवढा, पण थांबत नव्हता. त्या मुलखात सगळं लोकरीचं. लोकर त्या कोवळ्या कातडीला बोचत होती, आणि काढावी तर थंडी. लेकीचे डोळे रडून सुजले होते. “आई,” ती म्हणाली, “काय करू गं? सकाळपासून अशीच आहे. दूधसुद्धा ओढत नाही.”

म्हातारीनं हात धुऊन शेकोटीवर कोरडे केले. मग ती म्हाताऱ्याकडे वळली आणि तिथंच त्याच्या छातीवरचं लुगडं उलगडायला लागली. पिळाकडचा भाग ओला होता, पण घोंगडीनं बर्फ अडवल्यामुळे आतला कोरडा होता. नुसता कोरडा नाही, माणसाच्या अंगाइतका ऊबदार. तिनं त्याची चौपदरी घडी केली, लोकर बाजूला केली आणि नात त्यात गुंडाळली.

पोरीनं दोनदा हुंदका दिला. तिसरा आलाच नाही. लेकीनं तिला छातीशी घेतलं, आणि थोड्या वेळानं चुटूचुटू आवाज ऐकू यायला लागला.

विहीणबाईंनी लुगड्याचा काठ दोन बोटांत धरून पाहिला. “असलं कापड कुठल्या बाजारात मिळतं हो?”

“बाजारात नाही मिळत,” म्हातारी म्हणाली. “बारा वर्षं धुवावं लागतं.”

मग तिनं गाठोड्यातून कुंची काढून विहीणबाईंच्या हातात दिली. “ही हिच्या आजोबांनी आणलीय. खिंडीतून.” विहीणबाईंनी ती पाळण्यावरच्या खुंटीला टांगली आणि जाहीर करून टाकलं, “बारशाला हीच घालायची. दुसरी चालणार नाही.” म्हाताऱ्याची छाती लुगड्याशिवायही जरा रुंद झाली.

दुसऱ्या दिवशी तो मेंढपाळ चुकलेलं बकरं खांद्यावर घेऊन खिंडीतून या बाजूला उतरला, कारण बकरं इकडंच भरकटलं होतं, आणि शेकोटीशी टेकला. “वर कुणीतरी मोठा माणूस बसलाय,” तो म्हणाला. “पितळी बटणांचा डगला, दोन्ही हात पसरलेले. मी राम राम घातला. जवळ जाऊन पुन्हा घातला. उत्तर नाही! इतका अकडलेला माणूस मी बघितला नाही.”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पहिल्यांदा लेक हसली. मग विहीणबाई. ओला डगला रात्रीत गोठून ताठ झाला होता आणि खिंडीत एकटाच मिरवत बसला होता. म्हाताऱ्यानं हसू दाबून पाहिलं, पण ते दाबलं जाईना. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातलं सगळंच हसण्याचं नव्हतं.

“चांगला होता गं तो,” तो म्हातारीला हळूच म्हणाला. “अजून वाटतं, कसाही करून आणायलाच हवा होता.”

म्हातारी उठली. लेकीजवळून तिनं झोपलेली नात घेतली आणि म्हाताऱ्याच्या पुढ्यात धरली. एवढासा जीव, मान न धरणारा. त्याला घ्यायला एक हात पुरेना. म्हाताऱ्यानं दोन्ही हात पुढे केले, आणि निळ्या लुगड्यातलं ते बोचकं कापूस झेलावा तसं झेललं. नातीनं झोपेतच त्याचं बोट मुठीत धरलं.

तात्पर्य: पोर त्याच्या हातांत नीट बसली आहे असं पाहून म्हातारी जे म्हणाली आणि ज्यावर म्हातारा पुन्हा कधी भांडला नाही, तेच: “अहो, सामान तेवढंच घ्यावं, की वाटेत माणूस घ्यायची वेळ आली तर हात मोकळे असावेत.”