गुरुजींची चेष्टा

एकदा एक विद्यार्थी गुरूच्याच आज्ञेवरून भर वर्गात गुरूची थट्टा करून बसला. आज्ञा मोडली तर प्रायश्चित्त काय, हे शास्त्रात सांगितलेले आहे. आज्ञा तंतोतंत पाळल्यामुळे जे संकट ओढवते, त्याला उपाय कुठल्याच ग्रंथात नाही. बिचाऱ्याने करावे तरी काय?

विद्यार्थी मंगळवेढ्याकडचा. वडील एस.टी.त कंडक्टर. शाळेच्या स्नेहसंमेलनात हेडमास्तरांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या नकला करून त्याने गाव हसवले होते आणि लोकांनी पाठ थोपटल्यावर कुणालाही वाटते तसे त्यालाही वाटू लागले होते, की आपण नट व्हायचे. उत्तरेतल्या एका शहरात, विद्यापीठात, नाटक आणि अभिनय रीतसर शिकवतात असे कुणीतरी सांगितले. त्याने अर्ज केला आणि खरोखरच बोलावणे आले.

"नाटकं करायला इद्यापीठ कशाला लागतंय रं? ती तर आपल्या घरात बी रोज चालत्यात," वडील म्हणाले. पण पोराचा पडलेला चेहरा पाहून त्यांनीच पुढे जोडले, "जा. दिवाळीपत्तोर बघ. न्हाई जमलं तर ये माघारी. डेपोत चिकटवतो तुला."

तिकडे विभागप्रमुखांनीही नेमकी दिवाळीचीच मुदत घातली. मुलाचे हिंदी ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला होता. 'मेरा किताब' आणि 'मेरी दोस्त अवधेश' असले हिंदी बोलणारा मुलगा रंगमंचावर काय दिवे लावणार? प्रवेश दिला, पण कच्चा. दिवाळीच्या सुटीआधी गुरुजींनी हो म्हटले तर राहायचे, नाही तर गाशा गुंडाळायचा. डेपोतली नोकरी वाईट नव्हती, पण ती डोळ्यांपुढे आली की मुलाला घास गिळवत नसे.

हे गुरुजी विभागातले सर्वांत वृद्ध अध्यापक. तरुणपणी नौटंकीवाल्यांबरोबर गावोगाव हिंडलेले. एका जत्रेत मंचाची फळी तुटली आणि त्यांचा गुडघा कायमचा गेला. पुढे विद्यापीठाने त्यांना सन्मानाने बोलावून घेतले. धोतर, जाड भिंगांचा चष्मा, आणि हिंदी इतके शुद्ध की तहान लागली तरी 'जल' मागत. चालताना एका पायाने लंगडत आणि प्रत्येक वाक्याआधी "हाँ, तो" म्हणत. एवढे भांडवल नकलाकाराला पुरेसे असते.

पहिल्याच आठवड्यात गुरुजींनी या मुलाला वर्गापुढे उभे केले आणि एक उतारा म्हणायला सांगितला. मुलगा अडखळला, चुकला आणि शेवटी मान खाली घालून म्हणाला, "मुझे नहीं आता."

"कोई बात नहीं," गुरुजी मायेने म्हणाले. "चेष्टा करो."

मुलाने चमकून वर पाहिले. चेष्टा? कुणाची?

"अरे, हमारे सामने चेष्टा करने में कैसी लज्जा? निःसंकोच करो!"

आता तुम्हीच सांगा, मंगळवेढ्याच्या मुलाने याचा अर्थ काय घ्यावा? त्याला वाटले, ही इकडची रीत असेल. नटाची भीड चेपावी म्हणून गुरू स्वतःचीच टिंगल करवून घेत असतील. आणि नकला तर त्याच्या हातचा मळ होता! तो दारापर्यंत गेला, पाय ओढत खुर्चीपर्यंत आला, "आई गं" केल्यासारखा कण्हत बसला, धोतराच्या सोग्याने चष्मा पुसल्याचा आव आणला आणि खर्जात म्हणाला, "हाँ, तो!"

वर्गात हशा पिकला. मग गुरुजींकडे लक्ष जाताच एकेकाचे हसू विरले. गुरुजींनी फक्त पुढच्या मुलाला उभे केले.

दुपारी जेवताना गोरखपूरच्या अवधेशने, म्हणजे 'मेरी दोस्त अवधेश'नेच, खुलासा केला. हा अवधेश त्याचा खोलीतला सोबती. "भैया, चेष्टा माने प्रयास! कोशिश! आपने यह क्या कर डाला?"

मुलाच्या पायाखालची जमीन सरकली. ताट तसेच टाकून तो गुरुजींकडे धावला. गुरुजी कडुलिंबाखाली बाकावर बसले होते. मोडक्यातोडक्या हिंदीत, मध्येच मराठीत, जवळजवळ रडत त्याने सगळे सांगितले. आमच्याकडे चेष्टा म्हणजे थट्टा. मी मुद्दाम केले नाही. मला घालवू नका.

गुरुजी बराच वेळ तो शब्द तोंडात घोळवत राहिले. "परिहास," ते स्वतःशीच म्हणाले. "चेष्टा, अर्थात परिहास. वाह!" मग मुलाकडे वळून म्हणाले, "कल फिर करना. वही."

"फिर?"

"हाँ, तो. कक्षा आरंभ होने से पहले. प्रतिदिन."

झाले! रोज वर्ग सुरू होण्याआधी सगळ्यांसमोर गुरुजींची नक्कल करायची आणि गुरुजींनी बाजूच्या स्टुलावर बसून ती पाहायची. अशी अद्दल कुणाला घडली असेल? पहिले काही दिवस मुले तोंडावर हात धरून हसली. मग कंटाळली. गंमत शिळी झाली की तिच्याइतके केविलवाणे दुसरे काही नसते. मुलाचा जीव मेटाकुटीला आला. शेवटी हात जोडून त्याने विचारले, "गुरुजी, यह शिक्षा कब तक?"

त्याला म्हणायचे होते, हा दंड किती दिवस. पण तिकडे शिक्षा म्हणजे विद्या! गुरुजी प्रसन्न होऊन म्हणाले, "शिक्षा? अरे बेटा, वह तो अभी आरंभ हुई है."

त्यानंतर मात्र गुरुजी अधूनमधून एखादे वाक्य बोलू लागले. एकदा म्हणाले, पाय उजवा आहे, तू डावा ओढतोस. मुलाने लक्ष देऊन पाहिले तर खरेच की! समोरून पाहिलेले त्याने आरशासारखे उलटे उचलले होते. पुढे एकदा म्हणाले, मी बसताना कण्हतो असे तुला कुणी सांगितले? मुलाने पुन्हा पाहिले. गुरुजी कण्हत नव्हते. एकदाही नाही. ते कण्हणे त्याने पदरचे घातले होते आणि इतके दिवस लोक त्यालाच हसत होते.

मग मुलगा पाहू लागला. त्या शहरातले ते दिवस आजही त्याला आठवतात. आता त्याची साठी उलटली आहे, नाव झाले, चार पारितोषिके झाली, पण डोळे मिटले की दिसतात ते सकाळच्या धुक्यात अर्धे बुडालेले कडुलिंब, हिरवळीवर उन्हाला पाठ देऊन बसलेली मुले, काळे मीठ लावलेले पेरू, मातीच्या कुल्हडातला चहा आणि धाकट्यालाही 'आप' म्हणणारी माणसे. कुठेही वाफाळत्या चहाचा वास आला की त्याला ते शहर हवेहवेसे होते. या सगळ्याच्या मधून एक वृद्ध माणूस चाललेला असे आणि हा मुलगा अंतर राखून त्याच्या मागे.

त्याला दिसले की पायऱ्यांपाशी आल्यावर गुरुजी हटकून कुणाशी तरी बोलायला थांबतात. पायरी चढायची असली की आधी आकाशाकडे पाहून हवापाण्याचे काही बोलतात. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवतात, तो सहज ठेवल्यासारखा. आणि एका सकाळी त्याला ते सापडले. गुरुजी "हाँ, तो" म्हणत, ते मुळात वाक्याच्या आरंभासाठी नव्हे. बसताना गुडघा वाकायचा त्याच क्षणी ते म्हणत, जिना चढताना म्हणत, उठताना म्हणत. कण्हणे बाहेर पडू नये म्हणून तोंडाशी ठेवलेले ते दोन शब्द होते. वर्षानुवर्षे ठेवून ठेवून ते नुसते बोलतानाही येऊ लागले होते, एवढेच. सगळा वर्ग ज्याला हसत होता, ते त्या माणसाचे दुखणे होते. मुलाला हुंदका आवरेना. तो तसाच कडुलिंबाला टेकून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तो वर्गात आला तेव्हा दिवाळीची सुटी तोंडावर आली होती. तो दारापर्यंत गेला आणि वळला. या वेळी त्याने पाय ओढला नाही. जमेल तितका सरळ चालला. मध्येच थांबून खिडकीबाहेर पाहिले, जणू बाहेर काही विशेष आहे. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. चेहऱ्यावर काही नाही. गुडघा वाकवण्याआधी श्वास धरला, आणि हळूच, कुणाला काही सांगायचे असावे तसे म्हणाला, "हाँ, तो..."

कुणीही हसले नाही. पहिल्या रांगेतला अवधेश नकळत उठला आणि त्याने खुर्ची पुढे सरकवून धरली. मग आपण काय केले हे ध्यानात येऊन तो खुर्ची धरूनच गोंधळून उभा राहिला.

स्टुलावरचे गुरुजी उठले. चष्मा पुसायला त्यांना जरा जास्त वेळ लागला. मग ते जे बोलले ते हिंदीत बोलले, पण मुलाला त्यातला शब्द न् शब्द कळला. इतक्या वर्षांनी तो ते मराठीतच सांगतो.

"पहिल्या दिवशी याने माझी थट्टा केली. मी रागावलो नाही, कारण थट्टा करायलाही डोळे लागतात. पण थट्टा करणारा एकदा पाहतो आणि थांबतो, त्याला हशा मिळालेला असतो. याने थांबू नये, एवढेच मी पाहिले. मुलांनो, कुणी लंगडा माणूस लंगडत नसतो. तो न लंगडण्याची चेष्टा करत असतो. भित्रा माणूस धीट दिसण्याची करतो, भुकेला जेवून आल्याचे दाखवण्याची करतो. लोकांना दिसते ते लंगडणे. नटाला ही चेष्टा दिसली पाहिजे. नाट्याच्या जुन्या आचार्यांनी अंगाच्या हालचालीलाच चेष्टा म्हटले आहे. मी ते आयुष्यभर शिकवत आलो. हा मुलगा गावाकडून तिसरा अर्थ घेऊन आला, म्हणून मला तिन्हींचा मेळ लागला."

मग मुलाच्या खांद्यावर हात ठेवून ते मोकळेपणाने हसले आणि म्हणाले, "बैठ जाओ बेटा, घुटना दुखता होगा."

विभागप्रमुखांनी विचारले तेव्हा गुरुजींनी एवढेच सांगितले, "भाषा आ जाएगी. देखना आ गया है." प्रवेश पक्का झाला. ही बातमी घेऊन मुलगा सुटीसाठी घरी निघाला. गाडीत त्याने ती वडिलांना कशी सांगायची याची तीन-तीनदा तालीम केली.

संध्याकाळी वडील ड्युटीवरून आले. खाकी सदरा, खांद्याला तिकिटांची पेटी. पोराला पाहून त्यांचा चेहरा खुलला, पण तसे दाखवायची पद्धत घरात नव्हती. "आला व्हय," म्हणाले. मुलगा बातमी सांगायला तोंड उघडणार, तोच थबकला.

वडील उंबऱ्यापाशी थांबले होते. "औंदा थंडी लवकर पडली म्हनायची," असे म्हणून त्यांनी अंगणाकडे पाहिले. बोलता बोलता एक हात चौकटीवर गेला, सहज गेल्यासारखा. मग त्यांनी श्वास धरला आणि पाऊल आत टाकले. जन्मभर धावत्या गाडीत उभे राहून तिकिटे फाडणाऱ्या माणसाचे गुडघे. मुलगा त्याच घरात लहानाचा मोठा झाला होता, आणि हे त्याला आज दिसत होते.

पटकन पुढे होऊन त्याने पेटी उतरवून घेतली, कोपऱ्यातली खुर्ची आणून त्यांच्या मागे लावली आणि ते बसेपर्यंत धरून ठेवली.

या घरात असे कधी कुणी केले नव्हते. वडील बसले, आणि मान वळवून त्यांनी संशयाने पोराकडे पाहिले.

"काय रं, चेष्टा करतुयास व्हय बापाची?"

मुलाचे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी त्याला हसूही फुटले.

"व्हय अण्णा," तो म्हणाला. "चेष्टाच करतुय."